काजळी जाळणारा इंजिनिअर : यूजीन हूद्री

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला आणि तो विझेनासा झाला, की चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो खर्चाचा. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, त्याच्या पडद्यावर 'पी ०४२०' असा काहीसा संकेतांक उमटतो आणि मेकॅनिक गाडीखाली वाकून सायलेन्सरच्या नळीवरील एका फुगीर डब्याकडे बोट दाखवतो. हा डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्या पुढे-मागे नळीत बसवलेल्या बोटभर लांबीच्या दोन वस्तू म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. डबा बिघडला की सेन्सर, हा प्रश्न अमेरिकेतील पिकअप ट्रकवाल्यांना गेली तीस वर्षे छळतो आहे. आपल्याकडेही तो आता अपरिचित राहिलेला नाही. मात्र ज्या माणसामुळे हा डबा गाड्यांखाली आला, त्याचे नाव गॅरेजमध्ये सहसा कुणाला ठाऊक नसते. तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता. लोखंडाच्या कारखानदाराचा मुलगा, रणगाडा दलातील जखमी अधिकारी आणि मोटार शर्यतींचा शौकीन अशी त्याची ओळख होती.

यूजीन ज्यूल हूद्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळील दोमाँ या गावी झाला. वडिलांचा पोलादी बांधकामाचा भरभराटीचा व्यवसाय होता आणि मुलाने तोच सांभाळावा, हे जणू ठरलेलेच होते. हूद्रींनी पॅरिसमध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९११ मध्ये ते वर्गात पहिले आले, सुवर्णपदक मिळवले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली विद्यालयाच्या फुटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपदही पटकावले. त्यानंतर ते वडिलांच्या कारखान्यात रुजू झाले. आयुष्याची रेषा सरळ आखलेली होती; पण तीनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले.

हूद्री तोफखान्यातून नव्याने उभारलेल्या रणगाडा दलात गेले. एप्रिल १९१७ मध्ये ज्युव्हिन्कूरच्या रणभूमीवर फ्रेंच रणगाडे प्रथमच युद्धात उतरले. त्यांचे अतोनात नुकसान झाले. शत्रूचा भडिमार चालू असताना बंद पडलेल्या रणगाड्यांच्या दुरुस्तीची व्यवस्था हूद्री लावत होते आणि त्यातच ते गंभीर जखमी झाले. या कामगिरीबद्दल त्यांना 'क्रूआ द गेर' हे शौर्यपदक मिळाले, पुढे 'लेजियाँ द ऑनर'चाही मान मिळाला. गोळीबाराखाली यंत्र दुरुस्त करण्याचा हा अनुभव त्यांच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगून जातो. बिघडलेली वस्तू टाकून न देता ती पुन्हा चालू कशी करता येईल, हा विचार पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाच्या मुळाशी दिसतो.

युद्धानंतर वडिलांच्या व्यवसायात त्यांचे मन फारसे रमले नाही. मोटार शर्यतींचा नाद लागला होता. १९२२ मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, फोर्डचा कारखाना पाहिला आणि इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीलाही हजेरी लावली. शर्यतीतल्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते : इंजिन कितीही उत्तम असो, इंधन हलके असेल तर ते ठोके देऊ लागते आणि गाडीची ताकद जाते. त्या काळी चांगले पेट्रोल दुर्मीळ होते. त्यातच फ्रान्सच्या भूमीत खनिज तेल जवळपास नव्हतेच. युद्धात तेलावाचून देशाची झालेली कोंडी लोक विसरले नव्हते.

त्याच वर्षी नीस शहरातील प्रूडॉम नावाच्या एका औषधनिर्मात्याने लिग्नाइटपासून, म्हणजे कच्च्या तपकिरी कोळशापासून, पेट्रोल बनविण्याची उत्प्रेरकी पद्धत सापडल्याचे हूद्रींच्या कानावर आले. त्यांनी या उद्योगात उडी घेतली. घरचा पैसा ओतला, मित्रांकडून भांडवल उभे केले, प्रयोगशाळा थाटली. काही वर्षांच्या खटपटीनंतर १९२९ मध्ये दररोज ६० टन लिग्नाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला. तो चालला; मात्र त्यातून निघणारे पेट्रोल आयात केलेल्या पेट्रोलपेक्षा कितीतरी महाग पडत होते. सरकारने अनुदान नाकारले आणि कारखाना बंद करावा लागला. कोणत्याही व्यवहारी माणसाने इथे हात झटकले असते.

हूद्रींनी मात्र या अपयशातून एक धागा सोडवून घेतला होता. कोळशाऐवजी जड खनिज तेलाचे जे प्रयोग समांतर सुरू होते, ते अधिक आशादायक होते. तेल शुद्धीकरण कारखान्यांत तेव्हा उष्णता आणि दाब यांच्या बळावर जड तेलाचे रेणू तोडले जात. या उष्ण भंजनातून पेट्रोल मिळे, पण थोडे आणि सुमार दर्जाचे. हूद्रींनी शेकडो पदार्थ उत्प्रेरक म्हणून वापरून पाहिले. त्यांतले सिलिका आणि ॲल्युमिना यांचे मातीसारखे संयुग सर्वांत सरस ठरले. त्यावरून तेलाची गरम वाफ गेली की उत्तम प्रतीचे पेट्रोल मिळे. अडचण एकच होती. काही मिनिटांतच उत्प्रेरकावर कार्बनची काळी पुटे चढत आणि तो निकामी होई. त्यामुळे जाणकार रसायनशास्त्रज्ञांनी हा मार्ग जवळजवळ सोडून दिला होता.

येथे रणगाडे दुरुस्त करणारा इंजिनिअर कामाला आला. पुटे कार्बनची आहेत आणि कार्बन जळतो. मग उत्प्रेरक फेकून देण्याऐवजी त्यावर गरम हवा सोडून काजळी जाळून टाकावी, उत्प्रेरक पुन्हा ताजा होईल. आज हे साधे वाटते. त्या वेळी यासाठी सगळी यंत्ररचनाच नव्याने उभारावी लागली. एका पात्रात सुमारे दहा मिनिटे तेलाचे भंजन चाले, तोवर दुसऱ्यात काजळी जळत असे आणि तिसरे पात्र पुढच्या फेरीसाठी धुतले जाई. घड्याळाच्या तालावर झडपा आपोआप उघडत-मिटत. काजळीच्या ज्वलनातून निघणारी उष्णता वितळलेल्या क्षारांच्या साह्याने वाहून नेली जाई आणि धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून हवेचा दाब निर्माण केला जाई. घाण जाळून त्याच उष्णतेवर कारखाना चालवण्याची ही योजना रसायनशास्त्राइतकीच यंत्रशास्त्राची करामत होती, असे म्हणावे लागेल.

फ्रान्समध्ये या पद्धतीला गिऱ्हाईक मिळाले नाही. १९३० मध्ये अमेरिकेच्या व्हॅक्यूम ऑइल कंपनीने त्यांना बोलावले आणि ते कुटुंबासह न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे आले. १९३१ मध्ये हूद्री प्रोसेस कॉर्पोरेशन स्थापन झाली. तेवढ्यात महामंदी आली, व्हॅक्यूम कंपनीचे विलीनीकरण झाले आणि पैशाचा ओघ आटला. या अडचणीच्या काळात, १९३३ मध्ये, सन ऑइल ही कंपनी पुढे आली. सन ऑइलला हूद्रींची गरज का भासली, यामागे एक वेगळीच कथा आहे आणि ती पुढे फार महत्त्वाची ठरते.

१९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी असे शोधून काढले होते की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग चिमूटभर मिसळले की इंजिनाचे ठोके थांबतात. हा उपाय स्वस्त होता आणि अमेरिकेतील बहुतेक तेल कंपन्यांनी तो स्वीकारला. सन ऑइलने मात्र शिसे न घालता चांगले पेट्रोल विकण्याचा हट्ट धरला होता. 'ब्लू सुनोको' या नावाने तिचे पेट्रोल खपत असे. शिशाशिवाय स्पर्धेत टिकायचे, तर मुळातच उच्च ऑक्टेनचे पेट्रोल बनवणे भाग होते. हूद्रींची पद्धत नेमके तेच देत होती.

एप्रिल १९३६ मध्ये पॉल्सबरो येथे दररोज दोन हजार पिंपांचा पहिला संच सुरू झाला. मार्च १९३७ मध्ये सन ऑइलच्या पेनसिल्व्हेनियातील मार्कस हूक कारखान्यात दहा हजारांहून अधिक पिंपांचा मोठा संच धडाडू लागला. त्यातून बाहेर पडणाऱ्या मालापैकी जवळजवळ निम्मा भाग उच्च ऑक्टेनचे पेट्रोल असे. जुन्या पद्धतीत हे प्रमाण पाव हिश्शाच्या आसपास होते. पुढे दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या इंधनासाठी या संचांचा मोठा आधार झाला. उत्प्रेरकी भंजनाने बनलेल्या विमान पेट्रोलपैकी बहुतांश सुरुवातीच्या काळात हूद्रींच्या पद्धतीचे होते. १९४२ नंतर प्रवाही उत्प्रेरकाची नवी पद्धत आली आणि ती अधिक किफायतशीर ठरली; मात्र तिचाही पाया हूद्रींनीच घातलेला होता.

त्या युद्धाने त्यांच्यावर एक वैयक्तिक आघातही केला. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि व्हिशी येथे जर्मनांशी जुळवून घेणारे सरकार आले. हूद्रींनी त्याला उघड विरोध केला. जनरल द गॉल यांना पाठिंबा देणाऱ्या 'फ्रान्स फॉरएव्हर' या अमेरिकेतील संघटनेचे ते अध्यक्ष झाले. व्हिशी सरकारने १९४१ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशासाठी रणगाड्यात रक्त सांडले, ज्याला तेलात स्वावलंबी करण्यासाठी घरचा पैसा घातला, त्याच देशाच्या सरकारने त्यांना परके ठरवले. जानेवारी १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. युद्धकाळात त्यांनी ब्यूटेन वायूपासून ब्यूटाडाइन बनवण्याची पद्धतही विकसित केली. कृत्रिम रबरासाठी ते अत्यावश्यक होते.

युद्ध संपले तेव्हा हूद्री पन्नाशी ओलांडून गेले होते. पैसा होता, मान होता, १९४८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे पॉट्स पदकही मिळाले. अशा वेळी बहुतेक संशोधक व्याख्याने देत फिरतात. हूद्रींचे लक्ष मात्र लॉस एंजेलिसच्या आकाशाकडे गेले होते. त्या शहरावर तपकिरी धुरके दाटत होते, लोकांचे डोळे चुरचुरत होते. पन्नासच्या दशकाच्या आरंभी आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, मोटारी व तेल कारखान्यांतून निघणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. ज्याने जगाला मुबलक पेट्रोल दिले, त्याच माणसाने आता त्या पेट्रोलच्या धुराची चिंता वाहायला घेतली. यात केवळ अपराधभावना शोधणे उथळपणाचे ठरेल. काजळी जाळायची कशी, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊकच नव्हते.

१९५० मध्ये त्यांनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट ही कंपनी काढली. चिनी मातीच्या दांड्यांवर ॲल्युमिना व प्लॅटिनमचा पातळ थर देऊन त्यांमधून धूर सोडायचा. उत्प्रेरकाच्या सान्निध्यात न जळलेले इंधन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड व पाणी बनतात. कारखान्यांची धुराडी आणि बंदिस्त गोदामांत फिरणारे फोर्कलिफ्ट ट्रक यांच्यावर ही रचना यशस्वी ठरली. मोटारीसाठीच्या कन्व्हर्टरचे अमेरिकी पेटंट त्यांना १९५६ मध्ये मिळाले.

रस्त्यावरच्या मोटारींत मात्र ते चालेना. कारण ठोके थांबवणारे तेच शिसे. कार्बनची पुटे जाळता येतात, शिशाची नाही. धुरातले शिसे प्लॅटिनमवर बसले की ते कायमचे; थोड्याच प्रवासात उत्प्रेरक मरून जाई. रस्त्यावर धावणारी जवळजवळ प्रत्येक गाडी शिसेयुक्त पेट्रोलवर चालत होती आणि ते बदलावे असे तेल उद्योगाला वाटत नव्हते. हूद्रींकडे उपकरण होते, पण ते ज्या इंधनावर टिकू शकले असते ते पंपावर मिळत नव्हते. १९५९ मध्ये त्यांना पर्किन पदक मिळाले. अखेरच्या वर्षांत शरीरातील उत्प्रेरक, म्हणजे विकरे, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. १८ जुलै १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील अपर डार्बी येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोवर त्यांचा कन्व्हर्टर एकाही कंपनीच्या मोटारीत नेमाने बसवला जात नव्हता.

चित्र पालटले ते कायद्याने. अमेरिकेने १९७० मध्ये हवा शुद्धतेचा कडक कायदा केला आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर आला. त्याच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करणे भाग पडले. पंपाच्या नळीचे तोंड अरुंद केले गेले, जेणेकरून नव्या गाडीच्या टाकीत शिशाचे पेट्रोल भरताच येऊ नये. काही महाभाग टाकीचे तोंड ठोकून रुंद करत आणि स्वस्तातले पेट्रोल भरून कन्व्हर्टरचा जीव घेत, ही गोष्ट वेगळी. मानवी मेंदूला अपाय करणारे शिसे जगभरच्या पेट्रोलमधून हद्दपार होण्यामागे कन्व्हर्टरचा वाटा फार मोठा आहे. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि मुंबईच्या पंपांवर शिसेविरहित पेट्रोल दिसू लागले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

हूद्रींच्या डब्याला डोळे मिळाले ते १९७६ मध्ये. नायट्रोजनची ऑक्साइडही त्याच डब्यात निकालात काढायची, तर इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १४.७ ला १ असे नेमके राखावे लागते. त्यासाठी धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सतत मोजायला हवे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झिर्कोनियाच्या तापलेल्या दांड्यांवर आणि विद्युत दाबाच्या समीकरणावर जे काम केले होते, त्याच्या आधारे बॉशने सेन्सर तयार केला आणि व्होल्व्होच्या मोटारींत तो प्रथम बसला. धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे इंधन जास्त असेल, तर हा सेन्सर सुमारे ०.९ व्होल्टचा दाब देतो. ऑक्सिजन जास्त असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास. १९९६ पासून अमेरिकेत मोटारी आणि हलक्या ट्रकांत कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर सक्तीचा झाला. त्याचे काम कन्व्हर्टरवर पहारा ठेवण्याचे. पिवळ्या दिव्याची कटकट तेव्हापासूनची.

या पहाऱ्याचे गणित समजले तर बराच खर्च वाचतो. पुढच्या सेन्सरचा दाब सारखा वरखाली होतो (नव्या पद्धतीचे पुढचे सेन्सर वेगळे आकडे देतात). कन्व्हर्टरमधील सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो; म्हणून डबा निरोगी असेल तर मागच्या सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला, की साठवणशक्ती संपली असे संगणक मानतो आणि दिवा लागतो. आता गंमत अशी की, म्हातारा झालेला मागचा सेन्सर मंदावतो. तो स्थिर आकडे दाखवून बिघाड झाकण्याचीच शक्यता अधिक. तरीही 'पी ०४२०' दिसताच पहिल्यांदा तोच बदलण्याची प्रथा अनेक गॅरेजांत आहे. पैसे जातात, दिवा परत येतो.

त्याआधी नळीला गळती आहे का, हे पाहायला हवे. सेन्सरच्या अलीकडे जोड ढिला असेल वा गॅस्केट फाटले असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. वायर गरम नळीला टेकून वितळली आहे का, हेही हात लावून पाहण्याजोगे. पिकअप ट्रकच्या आठ सिलिंडरच्या इंजिनात दोन बाजूंना दोन कन्व्हर्टर आणि चार सेन्सर असतात. त्याचा फायदाच होतो. एका बाजूचा सेन्सर दुसऱ्या बाजूला लावून पाहावा. तक्रार सेन्सरबरोबर सरकली तर दोष सेन्सरचा, जागेवरच राहिली तर दोष त्या बाजूचा. एकाच बाजूचा संकेतांक असेल, तर पेट्रोल भेसळीचे होते ही सबब टिकत नाही. पेट्रोल दोन्ही बाजूंना तेच जाते.

आणि कन्व्हर्टर खरोखर मेला असेल, तर तो कशाने मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. एखादा प्लग ठिणगी देत नसेल, तर न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन जळते, तापमान हजार अंशांवर जाते आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते. दिवा लुकलुकत असेल तर हेच घडत असते. अशा वेळी गाडी रेटू नये. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातले फॉस्फरस प्लॅटिनमवर बसते. गॅस्केटमधून कूलंट झिरपत असेल तर त्यातले सिलिकेट सेन्सरचे तोंड बुजवतात. शिसे गेले, तरी त्याचे भाऊबंद उरलेच आहेत.

डिझेलच्या अवजड ट्रकांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या धुरात ऑक्सिजन नेहमीच भरपूर असतो, त्यामुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी युरियाचे द्रावण फवारावे लागते आणि ती मोजणारे सेन्सरही निराळे असतात. एप्रिल २०२० मध्ये भारतात बीएस ६ मानक आल्यापासून नव्या ट्रकांवर डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची छोटी टाकी दिसते. तिच्यालगतच्या काजळीच्या गाळणीत पुटे साचली की ट्रकचा संगणक थोडे जादा डिझेल सोडून ती तापवतो आणि काजळी जाळून गाळणी मोकळी करतो. पॉल्सबरोच्या पात्रांत हूद्री दर काही मिनिटांनी काजळीवर हाच इलाज करत असत.